पखवाजावर गप्प, वर्गात आवाज

वाचकाचा प्रश्न

कराडजवळच्या एका गावातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते पतसंस्थेत कारकून आहेत, गावच्या भजनी मंडळात गातात. त्यांचा ११ वर्षांचा मुलगा सहावीत आहे. सहा वर्षांचा असताना तो डोळे मिचकावायला लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले. ते कमी झालं तसं नाक ओढणं सुरू झालं, मग अ‍ॅलर्जीच्या गोळ्या झाल्या. गेल्या वर्षभरात मान डावीकडे झटकणं आणि घशातून 'हुं' असा आवाज काढणं इतकं वाढलं आहे की शेजारच्या घरात ऐकू जातं. पुण्यातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी अर्धा तास बोलून, बघून टुरेट सिंड्रोम असल्याचं सांगितलं, एक गोळी लिहून दिली आणि दोन महिन्यांनी बोलावलं.

वडिलांना हे पटलेलं नाही, गोळीही सुरू केलेली नाही. ते लिहितात, "पाहुणे आले की तासभर एक आवाज नाही. पखवाजावर बसला की दोन-दोन तास मान हलत नाही. आणि घरचे जेवायला बसलो की सुरू. मग हा आजार की आमच्यापुढचा हट्ट?" शाळेतले सर त्याला तासाला बाहेर उभं करतात. आठवडाभर आवाज केला नाहीस तर सायकल, अशी घरात बोली झाली होती, ती तीन दिवसांत मोडली. आजीने अंगारा आणला आहे. सात वर्षांची बहीण नक्कल करते. गृहपाठाला रोज तीन तास लागतात, खोडून खोडून वहीचं पान फाटतं, असंही एका ओळीत आलं आहे. पुढच्या महिन्यात गावात हरिनाम सप्ताह आहे. कडक व्हावं की गोळी द्यावी, मुलाला कीर्तनाला न्यावं की मावशीकडे ठेवावं, आणि मोबाइलवरच्या व्हिडिओत दाखवतात तसा तो उद्या शिव्या द्यायला लागेल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

सल्ला

नमस्कार दादा,

हट्टाचा पुरावा म्हणून तुम्ही जे जे लिहिलंत, ते वाचून मला तुमच्या डॉक्टरांचं निदान जास्तच पटलं. आधी डोळे, मग नाक, मग मान आणि घसा असं जागा बदलत जाणं. काही आठवडे वाढणं, काही आठवडे ओसरणं. चार लोकांत दाबलं जाणं, घरी मोकळं होणं. आणि हाताला, कानाला एकदम काम लागलं की गायब होणं. हे सगळं टुरेटमध्ये दिसतं. तुमच्यासारखे कितीतरी आईवडील आधी डोळ्यांच्या, मग कान-नाक-घशाच्या दवाखान्यात जाऊन आलेले असतात, कारण सुरुवातीला ते खरोखरच अ‍ॅलर्जीसारखंच दिसतं. तुमचा वेळ गेला तो निष्काळजीपणामुळे नाही.

"नुसतं बघून कसं सांगितलं?" ही शंका तुमच्या मनात असणार. पण या आजाराला रक्ताची तपासणी नाही आणि मेंदूचा फोटो काढूनही तो दिसत नाही. हालचालीचे किमान दोन टिक आणि आवाजाचा किमान एक टिक (हे आचके आणि आवाज आपोआप येतात, त्यांना टिक म्हणतात), ते सुरू होऊन वर्ष उलटलेलं, सुरुवात वयाच्या १८ वर्षांआधी, आणि दुसऱ्या आजाराने किंवा औषधाने झालेले नाहीत, एवढं जुळलं की निदान होतं. त्यासाठी डॉक्टरला लागतात ते डोळे, कान आणि घरच्यांनी सांगितलेली हकिगत. तुमच्या डॉक्टरांनी अर्धा तास दिला. आपल्याकडच्या ओपीडीची गर्दी पाहता मी त्याला चांगला वेळ म्हणेन.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे येते. थांबवता येतं, म्हणजे मुद्दाम करतो. घरातली बोली, सरांची शिक्षा, सप्ताहाचा पेच, सगळं या एका समजुतीवर उभं आहे.

कीर्तनात बुवा एखादा चरण उलगडून सांगत असतात, सगळा मांडव शांत असतो आणि तुम्हाला शिंक येते. तुम्ही नाक दाबून धरता, डोळ्यांत पाणी येतं, काही क्षण ती लांबते. तुम्हाला थोपवता आली म्हणून ती शिंक खोटी होती असं कोणी म्हणत नाही. तुमच्या मुलाला असं मानेत आणि घशात होतं, दिवसभर होतं, आणि एक जिरवली की दुसरी तयार असते. टिक येण्याआधी त्या जागी खाज, ताण, दाब किंवा 'काहीतरी अडलंय' असं वाटतं, आचका दिला की क्षणभर सुटल्यासारखं होतं. अगदी लहान मुलांना हे सांगता येत नाही, पण १०-११ वर्षांची बरीच मुलं सांगू शकतात. शांत वेळी, तुम्ही दोघंच असताना, एकदा विचारा: "मान हलायच्या आधी तिथे काय होतं रे?" उत्तर ऐका आणि त्यावर काहीही बोलू नका. तुमच्या चार पानी पत्रात मुलाचं स्वतःचं एकही वाक्य नाही, म्हणून मुद्दाम सांगते आहे.

पाहुण्यांसमोर तो आराम करत नसतो, राबत असतो. अर्धं लक्ष पाहुण्यांच्या बोलण्याकडे, अर्धं मानेकडे. शाळेत पाच-सहा तास हेच चालतं, आणि दाबण्यात जे लक्ष जातं ते फळ्यावरून वजा होतं. दाबून ठेवले की टिक नंतर दुपटीने उसळतात, असं पुष्कळ जण अनुभवातून सांगतात. प्रयोगांत मात्र ते नेहमी दिसलेलं नाही, त्यामुळे मी तसं छातीठोक म्हणणार नाही. पण दमणूक खरी आहे. घरी येऊन, दप्तर टाकून, आईच्या ताटासमोर बसल्यावर तो दाबायचं सोडून देतो, कारण तिथे सोडलं तरी चालतं असं त्याला वाटतं. तुम्हाला ते तोंडावर केल्यासारखं दिसतं. मला त्यात त्याचा घरावरचा विश्वास दिसतो. तो आहे तोवर जपा.

आणि पखवाज. दोन तास बोटं, तळहात, कान, ठेका आणि पुढच्या गायकाचा अंदाज यांत मेंदू पूर्ण गुंतलेला असतो. अशा वेळी टिक कमी होतात हे वाजवणाऱ्यांत, गाणाऱ्यांत, खेळाडूंत सर्रास दिसतं. अमेरिकेच्या फुटबॉल संघाचा माजी गोलरक्षक टिम हॉवर्ड याला लहानपणापासून टुरेट आहे. चेंडू लांब असताना टिक येतात, जवळ आला की थांबतात, असं त्याने सांगितलेलं आहे. आणि २०१४ च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध त्याने इतके गोल अडवले की त्या सामन्यानंतर चर्चा हरलेल्या संघाच्या गोलरक्षकाचीच झाली. आता प्रवचन बघा. हाताला काम नाही, हलायचं नाही, बोलायचं नाही, आजूबाजूला ओळखीची तोंडं, आणि घरून निघताना तुम्ही बजावलेलं की "आज आवाज नको." टिक वाढवायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. पखवाज आणि प्रवचन यांतला फरक त्याच्या वागणुकीचा नाही.

सायकलच्या बोलीबद्दल. बक्षिसासाठी मुलं काही मिनिटं टिक जास्त दाबू शकतात, हे तपासून पाहिलेलं आहे. तुम्ही आठवडा मागितला. त्याने तीन दिवस काढले, आणि तुम्ही ते 'तीन दिवसांत मोडली' असं लिहिलंत. ते तीन दिवस कसे गेले असतील याचा जरा विचार करा. सायकल घेऊन द्या, बिनअट. वाढदिवसाला द्या, गुढीपाडव्याला द्या, पण मानेशी आणि घशाशी तिचा संबंध लावू नका.

घरात आजपासून करता येण्यासारखी एक गोष्ट आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. टिकविषयी बोलणं बंद करा. "आज कमी होतं ना?", "अरे, परत?", "हळू", आणि आईचं फक्त वर बघणं, हे सगळं. टिकवर बोट ठेवलं की टिक वाढतात. नुसती चौकशी केली तरी वाढतात, दवाखान्यात हे रोज दिसतं. जेवताना 'हुं' झालं तर भाजी वाढणाऱ्याने भाजी वाढत राहायची, बोलणाऱ्याने वाक्य पुरं करायचं. दोन-चार दिवस सगळ्यांनाच अवघड जाईल. आजींना सर्वांत जास्त. मुलगा स्वतःहून बोलला तर जरूर ऐका, विषयाला बंदी नाही. टोकण्याला आहे. त्याच्या लहान बहिणीलाही हेच सांगा, वेगळं काही नको: "दादाला मान हलवावीच लागते, त्याला ते आवडत नाही, आपण तिकडे बघायचं नाही." सात वर्षांच्या मुलीला एवढं कळतं.

शिव्यांची भीती काढून टाका, निदान बरीचशी. तोंडातून अपशब्द निसटणं हा या आजाराचा एक प्रकार आहे, पण तो साधारण १० ते १५ टक्के जणांतच आढळतो आणि निदानासाठी लागतही नाही. तरी लोकांच्या डोळ्यांसमोर तेच चित्र का, याचं उत्तर इतिहासात आहे. १८२५ मध्ये इतार या फ्रेंच डॉक्टरांनी एका सरदार घराण्यातल्या बाईंची हकिगत लिहिली, त्या भरबैठकीत अर्वाच्य शब्द ओरडत असत. पुढे १८८५ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या जॉर्ज जिल द ला टुरेट या तरुण डॉक्टरांनी नऊ रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं, त्यात त्या बाईही होत्या. शार्को हे त्यांचे गुरू. त्यांनी शिष्याचं नाव आजाराला दिलं. ती जुनी सनसनाटी आज मोबाइलवर नव्याने विकली जाते. घसा खाकरणाऱ्या मुलाचा व्हिडिओ कोण बघणार! तुमच्या मुलाच्या बाबतीत असं कधी झालंच, तर त्याला तोंड धुवायला लावू नका आणि मारू नका. तोही टिकच असेल.

हा कशामुळे होतो, याचं थोडक्यात उत्तर: मेंदूच्या आत खोलवर, हालचाली सुरू करणाऱ्या आणि अडवणाऱ्या केंद्रांच्या साखळीत वेगळेपण असतं आणि घराण्यातून येण्याचा भाग त्यात मोठा आहे. मुलग्यांत तो मुलींपेक्षा तीन-चार पट आढळतो. लाडाने होत नाही, मोबाइलने होत नाही, आईने काय खाल्लं याने होत नाही. तुमच्या किंवा वहिनींच्या घरात सतत घसा खाकरणारे एखादे काका, डोळे मिचकावणारी एखादी आत्या आठवली, तर डॉक्टरांना सांगा. पण ती माहिती म्हणून. "तुमच्याकडूनच आलंय" असं म्हणायला ती वापरू नका.

आजींचा अंगारा कपाळाला लागला तर बिघडत नाही. त्यांच्याशी भांडू नका, नातवावरच्या मायेपोटी केलंय. मात्र मान झटकते म्हणून 'अंगात आलंय' असं म्हणत कोणी उपास, धूर, मारझोड सुचवली तर तिथेच थांबवा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि गावात कोणी 'फिट येतात' म्हणत असेल तर तेही दुरुस्त करा. टुरेटमध्ये शुद्ध जात नाही.

आता तुम्ही घाईत लिहिलेली ती एक ओळ: गृहपाठाला तीन तास, खोडून खोडून पान फाटतं.

तुम्हाला आवाजाची काळजी जास्त वाटते, कारण तो शेजारी ऐकू जातो. मला या वहीची जास्त वाटते. टुरेटसाठी दवाखान्यात येणाऱ्यांपैकी बहुतेकांना, ८५ टक्क्यांच्या आसपास, जोडीला आणखी काहीतरी असतं: एकाग्रता न होणं आणि चंचलपणा, म्हणजे एडीएचडी, किंवा मंत्रचळ, म्हणजे ओसीडी. कुणाला चिंता, कुणाला लिहिण्या-वाचण्यातली अडचण, कुणाला अनावर राग. बऱ्याच मुलांचं आयुष्य टिकपेक्षा या जोडीदारांमुळे जास्त अवघड होतं. 'क' ची गाठ बरोबर वाटेना म्हणून खोडणं, पुन्हा लिहिणं, पुन्हा खोडणं, हा 'नीट जमलं असं वाटेपर्यंत' करत राहण्याचा प्रकार असू शकतो. मान हलल्याने अक्षर बिघडत असेल म्हणूनही असू शकतो. सरांच्या धाकानेही असू शकतो. इथे बसून मला ते सांगता येणार नाही, पण हे डॉक्टरांना सांगितलं होतं का? पत्रावरून वाटतं, नाही. ती फाटलेली वही पुढच्या भेटीला बरोबर न्या. तोवर खोडरबर लपवू नका, "घाणेरडं अक्षर" हा शब्द घरातून काढा, आणि रोजचा गृहपाठ पाऊण तासावर थांबवून उरलेल्याबद्दल वहीत तुम्ही सही करून चिठ्ठी लिहा.

उपचारांत तुम्ही 'कडक व्हावं की गोळी द्यावी' असे दोनच रस्ते धरलेत. कडकपणा उपचारात बसत नाही, तो सोडून देऊ. उरलेले रस्ते मात्र तीन आहेत.

पहिला, काही न करता लक्ष ठेवणं. टिकचा मुलाला त्रास नसेल तर हा रस्ता जगभरातले तज्ज्ञ मान्य करतात. टिक साधारण १० ते १२ या वयात सर्वांत जोरात असतात आणि पौगंडावस्था सरता सरता बहुतेकांचे कमी होतात. काहींचे जवळजवळ जातात, काहींचे मोठेपणीही राहतात. तुमचा मुलगा आज चढाच्या माथ्यावर आहे. यावरून 'मोठेपणी असाच राहणार' असा हिशेब मांडू नका. 'आपोआप जाईल' असा शब्दही त्याला देऊ नका.

दुसरा, वर्तनोपचार. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला सीबीआयटी म्हणतात, आणि शक्य तिथे सुरुवात याने करावी असं अमेरिकेच्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे. यात मुलगा आधी टिकची चाहूल ओळखायला शिकतो. मग चाहूल लागताच त्या टिकशी एकत्र होऊच शकणार नाही अशी दुसरी, न दिसणारी कृती करतो. मान झटकत असेल तर हनुवटी किंचित खाली घेऊन मानेचे स्नायू हलके ताणून धरायचे. घशातून आवाज येत असेल तर ओठ मिटून नाकाने सावकाश श्वास. ओढ विरेपर्यंत, साधारण मिनिटभर. हे दात-ओठ खाऊन दाबण्यापेक्षा वेगळं आहे, कारण इथे ओढ येऊन निघून जाते याची मेंदूला हळूहळू ओळख होते. टिक कुठल्या वेळी, कुणासमोर वाढतात आणि तिथे घरचे काय करतात, यावरही काम होतं, म्हणजे तुमचीही शिकवणी आहेच. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९ ते १७ वयाच्या १२६ मुलांना दहा आठवडे पाहिलं गेलं. हा उपचार घेतलेल्यांत निम्म्याहून थोड्या जास्त मुलांना चांगला फरक पडला, नुसता आधार आणि माहिती मिळालेल्यांत तो साधारण पाचात एकाला. म्हणजे जादू नाही, पण हाती लागण्यासारखं आहे. आपल्याकडे हे शिकलेले थेरपिस्ट कमी आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांतच, हे खरं. तुमच्या डॉक्टरांना नेमकं हेच विचारा: "सीबीआयटी किंवा हॅबिट रिव्हर्सल शिकवणारं कोणी सांगता का? व्हिडिओ कॉलवर चालेल का?" व्हिडिओवरून हे शिकवता येतं. दर आठवड्याला कराड-पुणे करायची गरज पडेलच असं नाही.

एक सूचना. हे वाचून घरच्या घरी मुलाला "हनुवटी खाली, श्वास घे" असं सांगत बसू नका. तो नवा टोकण्याचा प्रकार होईल.

तिसरा रस्ता गोळ्यांचा. तुम्ही गोळीचं नाव लिहिलेलं नाही आणि लिहिलं असतं तरी घ्या किंवा घेऊ नका हे मी सांगितलं नसतं. टिकसाठी क्लोनिडिन, अ‍ॅरिपिप्राझोल, रिस्पेरिडोन अशी औषधं वापरतात. ती टिक कमी करतात, आजार मुळातून काढत नाहीत. काहींनी झोप येते, काहींनी भूक आणि वजन वाढतं, क्लोनिडिन तर सुरू केल्यावर एकदम बंद करायचं नसतं. मान झटकून दुखत असेल, झोप मोडत असेल, शाळा सोडायची पाळी आली असेल, मुलगा स्वतः कावलेला असेल, तर औषधाचा विचार करण्यात कमीपणा नाही. 'लोकांना त्रास होतो' हे एकटं कारण मात्र मला पुरेसं वाटत नाही. गोळी सुरू केली नाही हे डॉक्टरांना फोन करून आजच सांगा. दोन महिन्यांनी ते 'गुण आला नाही' असं समजून डोस वाढवतील, हा धोका मोठा आहे.

शाळेचं लवकर करायला हवं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करायला बंदी आहे. वर्गाबाहेर रोज उभं करणं यात कसं बसत नाही, हे कोणीही मला पटवून द्यावं. पण पहिल्याच भेटीत कायदा काढू नका. डॉक्टरांचं पत्र घ्या, मुख्याध्यापक आणि त्या सरांना एकत्र भेटा, आणि मागण्या नेमक्या ठेवा. जागा कडेला, दाराजवळ, जिथे सगळा वर्ग त्याच्या पाठीमागे नसेल. दोन मिनिटं बाहेर जाऊन यायची मुभा. हात वर न करता, खूण ठरवून. परीक्षेला वेगळी खोली किंवा शेवटचा बाक, आणि लिहायला वेळ जास्त. टिककडे सरांनी काणाडोळा करायचा, कारण सर दुर्लक्ष करतात तिथे चाळीस मुलंही आठवड्याभरात करायला लागतात. वर्गाला सांगायचं की नाही, हे मुलाला विचारून. चालेल म्हणाला तर सरांनी एवढंच म्हणावं: "याच्या मेंदूकडून मान आणि घशाला आपोआप हुकूम जातात. संसर्गजन्य नाही, मुद्दाम नाही. आपण धडा पुढे वाचू." सर नवे असतील, वर्ग मोठा असेल, त्यांना कोणी हे कधी शिकवलेलं नसेल, हेही लक्षात ठेवून बोला. महिनाभरात फरक पडला नाही तर मग लेखी अर्ज, आणि त्यात कलम.

सप्ताहाला न्यावं का? त्याला विचारा, आणि 'नाही' म्हणायची खरी मोकळीक ठेवून विचारा. मावशीकडे जायला त्याला आवडत असेल तर जाऊ दे. लपवायला म्हणून पाठवत असाल तर त्याला ते एसटीत बसायच्या आधी कळलेलं असेल.

यायचं म्हणाला तर त्याला गर्दीत मांडी घालून बसवू नका. काकड्याला आणि हरिपाठाला पखवाज त्याच्याकडे येऊ शकतो का, ते मंडळाशी बोला. कीर्तनाला टाळकऱ्यांत उभा करा. हातात टाळ, पायांना पावली. प्रवचनाला तो मांडवाच्या कडेला बसेल, मध्ये उठून पाणी वाटायला जाईल, नाहीतर येणारच नाही. महाराजांना आधी भेटून दोन वाक्यांत सांगून ठेवा, म्हणजे आवाज आला तर ते थांबून बघणार नाहीत. व्यासपीठावरून एखाद्याने "कोण ते?" म्हटलं की काय होतं, हे तुम्हाला माहीत आहे. शेजारचा कोणी वळून बघेल, त्याच्यासाठी वाक्य तयार ठेवा: "टुरेट म्हणून आजार आहे, आवाज आपोआप येतो, त्रास काही नाही." आवाज न चोरता, माफी न मागता म्हणा. मुलगा हे वाक्य तुमच्याकडूनच शिकेल, पुढे कॉलेजात, मुलाखतीत, लग्नाच्या बोलणीत त्याला तेच म्हणावं लागणार आहे.

काही गोष्टींना मात्र थांबू नका. मान झटकून हातापायाला मुंग्या येत असतील किंवा ताकद कमी वाटत असेल, टिकमुळे स्वतःला इजा होत असेल, तो जेवण-झोप सोडत असेल, किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" अशा अर्थाचं काही बोलला असेल, तर दोन महिन्यांची तारीख बघू नका, लगेच दाखवा. रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पुण्या-मुंबईत खासगी उपचार परवडत नसतील तर पुण्याचं ससून, मुंबईचं केईएम यांसारख्या सरकारी-पालिका रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. तिथे रांग असते, पण कागद आणि जेवणाचा डबा घेऊन सकाळी लवकर गेलात तर दिवस वाया जात नाही.

पुढच्या भेटीला न्यायच्या गोष्टी: मोबाइलवर काढलेले दोन-तीन छोटे व्हिडिओ, त्याला सांगून काढलेले, कारण दवाखान्यात तो हमखास गप्प बसेल, आधी दिलेल्या थेंबांच्या आणि गोळ्यांच्या चिठ्ठ्या, ती फाटलेली वही, आणि मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिलेले त्याचे प्रश्न. ते तुम्ही आधी वाचायचे नाहीत.